माईक निवडायचाय? मग आधी अंतर मोजा

"कुठला माईक घेऊ" असं मला इतक्या जणांनी विचारलंय की आता मी उत्तर द्यायच्या आधी उलट तीन प्रश्न विचारतो. काय रेकॉर्ड करायचंय, कुठे करायचंय, आणि माईक त्या आवाजापासून किती लांब असणारे. पहिल्या दोनांची उत्तरं पटकन येतात. तिसऱ्याला माणूस थांबतो, कारण त्याचा विचारच केलेला नसतो, आणि खरी गोम तर त्या तिसऱ्यातच आहे.

मी स्वतः पहिला चांगला कंडेन्सर माईक घेतला तेव्हा तो टेबलावर ठेवून हातभर लांबून एक उतारा वाचला, आणि ऐकलं तर माझ्या आवाजाबरोबर पंखा, बाहेरची गाडी, भिंतीवरून परत आलेला माझाच आवाज, सगळं त्यात होतं. आठवडाभर मला वाटत होतं की माईकच खराब निघाला. मग एकदा सहज पंखा बंद केला, पाठीमागे जाड पडदा ओढला आणि माईक तोंडापासून वीतभर अंतरावर आणला, आणि तोच माईक, तीच केबल, तीच खोली, पण आवाज असा आला की मीच चकित झालो. त्या दिवसापासून मी माईकच्या आधी अंतर बघायला लागलो.

हे असं का होतं ते नीट कळलं ना की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून तिथूनच सुरू करतो.

आपण खोलीत बसून कोणाशी बोलतो तेव्हा आपल्याला पंखा ऐकू येत नाही. म्हणजे कानाला येत असतो पण मेंदू तो बाजूला काढतो, दोन कानांमुळे आवाज कुठल्या दिशेने येतोय ते त्याला कळतं आणि नको ते तो मागे ढकलतो. माईकला हे जमत नाही. त्याच्या पडद्यावर हवेचा जो काही दाब पडेल तो सगळा तो इमानाने वायरमधे पाठवतो. त्यामुळे एक छोटी गोष्ट आजच करून बघा, तुमच्या रेकॉर्डिंगच्या जागेत फोन ठेवा, अर्धा मिनिट कोणी काही न बोलता रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. फ्रीजची घरघर, ट्यूबलाईटचा गुणगुणाट, वरच्या मजल्यावर सरकलेली खुर्ची, जे जे ऐकू येईल ते ते तुमच्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या मागे असणारे.

आता अंतराचा हिशोब. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट केलं की त्याची पातळी ६ डेसिबलने उतरते. म्हणजे तोंडापासून १५ सेंटीमीटरवर असलेला माईक ६० सेंटीमीटरवर नेला तर दोनदा दुप्पट झालं, १२ डेसिबल गेले. पण खोलीतला घुमणारा आवाज आणि पंख्याची घरघर तशी उतरत नाही, ती खोलीभर जवळपास सारखीच भरलेली असते. मग तुम्ही काय करता, आवाज बारीक येतोय म्हणून गेन, म्हणजे माईकचा सिग्नल मोठा करायचं बटण, १२ डेसिबलने वाढवता, आणि त्याबरोबर पंखाही १२ डेसिबलने वर येतो. लोक म्हणतात "माईक खूप सेन्सिटिव्ह आहे, खोली पकडतो". माईकने काही जास्त पकडलेलं नसतं, आपणच लांब जाऊन गेन चढवलेला असतो.

इथेच तो सगळ्यात पसरलेला गैरसमज येतो, की कंडेन्सर माईक खोलीतला सगळा आवाज खेचतो आणि डायनॅमिक खेचत नाही (हे दोन प्रकार आतून कसे चालतात ते पुढे सांगतो). हे मी पण बरीच वर्षं मानत होतो. पण दोन्ही माईकचा पॅटर्न, म्हणजे कुठल्या बाजूचं किती ऐकायचं ते, सारखा असेल, दोन्ही एकाच अंतरावर ठेवले आणि दोन्हीवर तुमच्या आवाजाची पातळी सारखी लावली तर मागचा पंखा दोन्हीत जवळपास सारखाच येतो. डायनॅमिक शांत वाटतो कारण त्याचा सिग्नल बारीक असल्यामुळे लोक त्याला तोंड चिकटवून बोलतात, आणि कंडेन्सर हातभर लांब ठेवतात. शिवाय बऱ्याच डायनॅमिकमधे वरच्या पट्टीची बारीक किणकिण कमी येते त्यामुळे पण थोडं शांत वाटतं. बाकी जादू काही नाही, ते अंतरच असतं. खोली वाईट आहे म्हणून एक माईक विकून दुसरा घेणाऱ्यांनी आधी हा प्रयोग घरच्या घरी करून बघावा असं मला फार मनापासून वाटतं.

मग माईकच्या प्रकाराने काय फरक पडतो? पडतो, पण वेगळ्या ठिकाणी.

डायनॅमिकमधे पडद्याला तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकाच्या मधे असतं, पडदा हलला की वेटोळं हलतं आणि वीज तयार होते. स्पीकरचं उलटं काम. बॅटरी नको, काही नको, पडला तरी सहसा चालतो, दमट हवेचं वावडं नाही. शूरचा एसएम५८ हा १९६६ पासूनचा माईक आजही स्टेजवर सगळीकडे दिसतो, आणि त्याच्या नावातलं एसएम म्हणजे 'स्टुडिओ मायक्रोफोन', बनवला स्टुडिओसाठी आणि गाजला स्टेजवर. पण वेटोळ्याचं वजन पडद्याला वाहावं लागतं त्यामुळे अगदी बारीक, चपळ आवाज (टाळीची कड, तारेवर नख लागल्याचा आवाज) तो थोडा गोल करून देतो.

कंडेन्सरमधे वेटोळं नाही. एक अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे एक प्लेट, दोघांमधे विजेचा भार, पडदा हलला की दोघांतलं अंतर बदलतं आणि त्याचा सिग्नल होतो. ही कल्पना अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकमधे ई. सी. वेंट यांनी १९१६ च्या सुमाराला प्रत्यक्षात आणली. पडदा हलका म्हणून तपशील भरपूर येतो, पण त्याला वीज लागते, स्टुडिओत ती ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरने केबलमधूनच जाते. पुढे १९६२ मधे बेल लॅब्समधे जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी असा पडदा बनवला ज्यात विजेचा भार कायमचा मुरवलेला असतो, तो इलेक्ट्रेट. कॉलरला लावायचे छोटे माईक, कॅमेऱ्यावरचे माईक हे बहुतेक त्याच घराण्यातले. इलेक्ट्रेट म्हणजे हलका माल असं अजून काहीजण समजतात, ते सोडून द्या, उत्तमातले उत्तम माईक त्यात आहेत.

तिसरा रिबन, चुंबकामधे टांगलेली काही मायक्रॉन जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी. आवाज फार मऊ, पितळी वाद्यांना आणि कर्कश गळ्यांना सुंदर. पण जोरात फुंकर मारली तरी पट्टी ताणली जाऊ शकते म्हणून बाहेर वाऱ्यात तो न्यायचाच नाही, आणि जुन्या रिबनला चुकीच्या वायरिंगच्या केबलमधून फँटम पॉवर गेली तर पट्टीचं कायमचं नुकसान होऊ शकतं हे लक्षात असू द्या.

आता पॅटर्न, म्हणजे माईक कुठल्या बाजूचं ऐकतो. मला विचाराल तर डायनॅमिक की कंडेन्सर यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

ओम्नी सगळीकडून सारखं ऐकतो. कार्डिऑइडचा आकार पत्त्यातल्या बदामासारखा, समोरचं पूर्ण, बाजूचं कमी, बरोबर पाठीमागचं सगळ्यात कमी. सुपरकार्डिऑइड आणि हायपरकार्डिऑइड समोरून अजून अरुंद, पण त्यांना पाठीमागे थोडंसं शेपूट असतं, तिथून ते पुन्हा ऐकतात. आणि आठच्या आकड्याचा पॅटर्न, इंग्रजी आठ बरं का, आपला ८ नाही, तो पुढून आणि मागून सारखं ऐकतो आणि दोन्ही कुशींकडून जवळजवळ काहीच नाही.

याचा उपयोग लोक अर्धाच करतात. माईक तोंडाकडे वळवतात आणि थांबतात. पण माईकची न ऐकणारी बाजू कुठे आहे ते पण बघायचं आणि ती नको त्या आवाजाकडे वळवायची! कार्डिऑइडची ती बाजू बरोबर मागे, १८० अंशांवर. सुपरकार्डिऑइडची साधारण १२६ अंशांवर आणि हायपरची साधारण ११० अंशांवर, म्हणजे तिरकी मागे. म्हणून कॉम्प्युटरचा पंखा कार्डिऑइडच्या नेमका पाठीशी ठेवला तर तो दबतो, तिथेच हायपर लावला तर त्याच्या शेपटात पंखा सापडतो आणि महागडा माईक घेऊन गोंगाट वाढला असं वाटतं. गाणारा माणूस स्वतःच गिटार वाजवत असेल तर आठच्या पॅटर्नचे दोन माईक असे वळवता येतात की गळ्याच्या माईकच्या कुशीत गिटार येते आणि गिटारच्या माईकच्या कुशीत गळा, आणि दोन्ही आवाज बऱ्यापैकी वेगळे मिळतात. हे पहिल्यांदा जमलं तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो.

एक हिशोब पाठ करण्यासारखा आहे. घुमणाऱ्या खोलीत ओम्नी ३० सेंटीमीटरवरून जितका स्वच्छ आवाज देईल तितकाच कार्डिऑइड साधारण ५१ सेंटीमीटरवरून देतो आणि हायपर ६० वरून. म्हणजे पॅटर्न बदलून फार तर दुप्पट लांब जाता येतं. बास, दुप्पट. याउलट माईक वीतभर जवळ सरकवायला काहीच लागत नाही.

पण जवळ येण्याची किंमत पण आहे. दिशा धरणारे सगळे माईक तोंडाजवळ आले की खालचा, जाड आवाज फुगवतात. निवेदकांचा तो भारदस्त आवाज बऱ्याचदा यातूनच येतो. चार बोटांवर आलात तर छातीतला आवाज येतो पण शब्द चिकट व्हायला लागतात, आणि बोलताना मान जरा मागेपुढे झाली तरी आवाजाचा पोत बदलतो. ओम्नीला हा त्रास नाही, म्हणून जे स्थिर बसू शकत नाहीत त्यांच्यासाठी शांत खोलीत ओम्नी जवळ लावणं ही फार चांगली आणि कमी वापरली जाणारी युक्ती आहे. प, ब, फ, भ च्या फुंकरीसाठी मधे जाळी लावाच, आणि माईक अगदी तोंडासमोर न ठेवता थोडा बाजूला ठेवून तोंडाकडे वळवा, फुंकर सरळ जाते आणि आवाज सगळीकडे पसरतो त्यामुळे शब्द मिळतात, फुंकर चुकते.

खोक्यावरच्या आकड्यांपैकी तीनच बघायचे, बाकी सोडले तरी चालतं.

पहिला सेल्फ नॉइज, माईकची स्वतःची सूं सूं. कोणी काही न बोलता माईक एकटाच किती कुजबुजतो. चांगल्या मोठ्या पडद्याच्या माईकला हा ५ ते १२ डेसिबल असतो, रोडच्या एनटी१-ए ला ५ आहे, छोट्या पडद्याच्या चांगल्या माईकला साधारण १३ ते १६, आणि कॉलरच्या चिमुकल्या माईकला २५ च्या पुढे पण जातो. तोंडाजवळ बोलायचं असेल तर १६ काय आणि २० काय, तुमच्या खोलीचीच शांतता बहुतेक ३० च्या आसपास असते, त्यात ते बुडून जातं. पण पहाटे जंगलात लांबचा पक्षी रेकॉर्ड करायचा असेल तर हाच आकडा सगळं ठरवतो.

दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक आवाजाला किती मिलिव्होल्ट निघतात. याच्यामुळे माईक लांबचं ऐकत नाही, फक्त सिग्नल मोठा की बारीक ते ठरतं. शूरच्या एसएम७बी चा आकडा १.१२ मिलिव्होल्ट आणि त्या एनटी१-ए चा २५, म्हणजे दोघांत जवळपास २७ डेसिबलचं अंतर. त्यामुळे एसएम७बी ला बोलण्यासाठी ६० डेसिबलच्या आसपास स्वच्छ गेन लागतो, आणि साध्या इंटरफेसचा (माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) गेन शेवटपर्यंत फिरवला की त्याची स्वतःची खरखर वर येते. लोक नावाजलेला माईक आणतात आणि इंटरफेस विसरतात, मग मधे लावायचा बूस्टर शोधत बसतात. डायनॅमिक घ्यायचा तर आपल्या इंटरफेसला किती गेन आहे ते आधी बघा.

तिसरा, जास्तीत जास्त किती मोठा आवाज सहन करतो. बोलण्यासाठी विसरून जा. ढोल, ट्रम्पेट, ड्रम यांच्या तोंडाशी लावायचा असेल तर मात्र बघा.

फ्रिक्वेन्सीचा आलेख मी वर घेतला नाही कारण तो कागदावर फार गुळगुळीत करून छापलेला असतो. त्यात एवढंच बघायचं की ५ ते १० हजार हर्ट्झच्या मधे किती मोठी टेकडी आहे, कारण ती असली आणि तुमच्या आवाजात 'स' आधीच टोचत असेल तर तो माईक तुमचा नाही.

स्टुडिओ, म्हणजे स्टुडिओ असो की घरातली एक खोली, तिथे मी असं ठरवतो. खोलीत मऊ सामान भरपूर आहे, शांत आहे, तर मोठ्या पडद्याचा कंडेन्सर, कार्डिऑइड, वीत दीड वीत अंतरावर, गाण्याला आणि वाचनाला याच्यासारखं सुख नाही. खोली उघडी, फरशीची, रस्त्यावरची, तर डायनॅमिक घेऊन चार बोटांवर बोला, कारण तो तिथे फुटत नाही आणि जवळून चांगला वाटतो. आणि डायनॅमिक म्हणजे दुय्यम असं नाहीच, मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या गाजलेल्या अल्बमचे गळे रेकॉर्ड करताना ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीन यांनी एसएम७ हा डायनॅमिकच वापरला होता. तंतुवाद्य, तबला, बासरी यांना छोट्या पडद्याचा कंडेन्सर मला जास्त आवडतो, कारण बाजूने येणारा आवाज तो फारसा बिघडवत नाही आणि वाद्याचा आवाज तर एका ठिकाणाहून येतच नाही, पूर्ण लाकडातून, कातड्यातून, हवेतून येतो.

खोली सुधारायची असेल तर पातळ फोमच्या चौकटींवर फार विसंबू नका. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिला दोन बोटं जाडीचा फोम दिसतही नाही, तो फक्त वरचा आवाज पितो आणि मागे डब्यासारखा आवाज उरतो. गाद्या, जाड रजया, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, पुस्तकांचं फडताळ हे खूप बरं. आणि टेबल! उघड्या टेबलावर माईक ठेवला की आवाज एकदा सरळ आणि एकदा टेबलावर आपटून थोडा उशिरा पोचतो, दोन्ही मिसळले की काही फ्रिक्वेन्सी एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा होतो. टेबलावर जाड टॉवेल टाकून बघा, फरक लगेच कळतो. दोन माणसं दोन माईकवर बोलत असतील तर पण हेच होतं, म्हणून माईक तोंडापासून जितका लांब त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माईकमधे ठेवायचं.

बाहेर गेलात की नियम तेच राहतात पण शत्रू बदलतो. भिंती नसतात त्यामुळे घुमणं जवळजवळ संपतं, आणि वारा येतो.

वारा हा आवाज नसतो हे आधी समजून घ्या. झाडात सळसळणारा वारा हा आवाज, पण माईकच्या जाळीवर हवा आपटून भोवरे होतात आणि पडदा ढकलला जातो तो धडधडाट वाऱ्याने माईकवरच तयार केलेला असतो. तो बहुतेक खालच्या पट्टीत असतो आणि इतका मोठा असतो की प्रीअँप, म्हणजे माईकचा सिग्नल वाढवणारं सर्किट, फुटतो, आणि एकदा फुटलेला सिग्नल नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पहिल्यासारखा होत नाही. दिशा धरणाऱ्या माईकला वारा जास्त लागतो, ओम्नीला कमी. हे फार जणांना माहीत नसतं, शॉटगन, म्हणजे लांब नळीचा माईक, घेऊन डोंगरावर जातात आणि हात हलवत परत येतात.

उपाय असा की माईकभोवती स्थिर हवेचं घर करायचं. नुसती स्पंजची टोपी झुळकीपुरती, चालता चालता बोलण्यापुरती. खरा उपाय म्हणजे जाळीचा लांबट पिंजरा ज्यात माईक रबरावर लटकतो आणि आत हवा शांत असते, आणि त्यावर लांब केसांचं कव्हर. ते केस वाऱ्याला एकदम आपटू देत नाहीत, त्याचा जोर हळूहळू मारतात. केस ओले होऊन चिकटले की काम करत नाहीत, झटकून वाळवून विंचरून ठेवायचे. आणि लो-कट, म्हणजे खालचा आवाज कापणारा फिल्टर, ८० हर्ट्झच्या आसपासचा, माईकवर किंवा रेकॉर्डरच्या सुरुवातीलाच चालू करा, नंतर एडिटिंगमधे लावून फुटलेलं परत येत नाही. बाहेरच्या कामासाठी पैसे मोजके असतील तर मी साधा माईक आणि उत्तम वारारोधक कव्हर घेईन, उलटं कधीच नाही.

शॉटगनबद्दल थोडं सविस्तर, कारण याच्याकडून लोकांच्या अपेक्षा फार चुकीच्या असतात. लांब नळी बघून वाटतं की हा कॅमेऱ्याच्या झूमसारखा लांबचा आवाज जवळ आणणार. तो काहीच जवळ आणत नाही. नळीच्या बाजूला खाचा असतात, समोरून येणारा आवाज सरळ पडद्यावर पोचतो, बाजूने येणारा वेगवेगळ्या खाचांतून थोडा थोडा पुढेमागे पोचतो आणि आपापसात कटतो. म्हणजे हा फक्त बाजूचं कमी करतो. आणि ते पण सगळ्या पट्टीत नाही, लाट नळीच्या लांबीएवढी किंवा लहान असेल तेव्हाच नीट, २५ सेंटीमीटरची नळी असेल तर साधारण १४०० हर्ट्झच्या वर. त्याखाली तो सुपर किंवा हायपरकार्डिऑइडसारखाच वागतो. म्हणून रस्त्यावर शॉटगन लावली की हॉर्न आणि पक्षी दबतात पण ट्रकची घरघर तशीच राहते.

आणि छोट्या घुमणाऱ्या खोलीत शॉटगन नको. भिंतींवरून आलेले आवाज सगळ्या बाजूंनी नळीत शिरतात आणि अर्धेमुर्धे कटून चमत्कारिक, पोकळ होऊन येतात. म्हणून फिल्मवाले आतल्या सीनला सहसा छोट्या पडद्याचा सुपर किंवा हायपरकार्डिऑइड काठीवर लावतात आणि शॉटगन बाहेरच्या सीनसाठी ठेवतात. काठीवर माईक फ्रेमच्या जरा वर, बोलणाऱ्याच्या छातीकडे रोखलेला, म्हणजे मागे जमीन येते, लांबचा रस्ता येत नाही. कॅमेऱ्यावर बसवलेली शॉटगन दोन तीन मीटर लांब राहते आणि तिथे कितीही भारी माईक असला तरी अंतर त्याला हरवतं, अशा वेळी कॉलरचा छोटा माईक हनुवटीखाली वीतभर लावला तर तो सहज जिंकतो. त्याला त्रास एकच, कपड्याची घासघास, ती टाळायला केबलचा छोटा वळसा घेऊन आत चिकटपट्टीने पक्की करायची.

पाऊस, धुकं, पहाटेचं दव. साध्या कंडेन्सरला दमट हवा लागली की पडद्याजवळचा भार गळायला लागतो आणि फुटाण्यासारखा तडतड आवाज येतो. सेनहायझरच्या एमकेएच मालिकेतले माईक, ज्यातला ४१६ शूटिंगमधे सगळीकडे दिसतो, ते वेगळ्या पद्धतीने चालतात, उच्च फ्रिक्वेन्सीच्या सर्किटवर, त्यामुळे ओलाव्याला फारसे बधत नाहीत, आणि बाहेर काम करणारे त्यांच्यावर जीव टाकतात ते यासाठी. तुमच्याकडे साधा कंडेन्सर असेल तर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवा, आणि गार खोलीतून एकदम दमट हवेत काढू नका, आधी पिशवीतच थोडा वेळ राहू द्या.

पक्षी आणि जंगल हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. १८८९ मधे जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यावर पिंजऱ्यातल्या शामा पक्ष्याचा आवाज टिपला, पक्ष्याचं माहीत असलेलं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग ते. त्याच्याकडे माईक नव्हताच, फक्त कर्णा आणि जवळचा पक्षी. आज एकट्या पक्ष्यासाठी थाळी वापरतात, पॅराबोला, तिच्या नाभीवर, म्हणजे आवाज जिथे एकवटतो तिथे, माईक. हे मात्र खरंच लांबचा आवाज मोठा करतं, कारण थाळीभर पडलेला आवाज एका बिंदूत गोळा होतो. पण ६० सेंटीमीटरची थाळी साधारण ६०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काही करत नाही, त्यामुळे बारीक चिवचिव भरपूर वर येते आणि घुबडाचा घुमणारा आवाज तिथेच राहतो. पूर्ण जंगलाचं वातावरण हवं असेल तर थाळी नको, कमी सेल्फ नॉइजचे दोन माईक घ्या. ओम्नी असतील तर झाडाच्या खोडाच्या दोन बाजूंना लावा, कार्डिऑइड असतील तर १७ सेंटीमीटर अंतर आणि मधे ११० अंशांचा कोन, फ्रेंच रेडिओवाल्यांनी ठरवलेली ही मांडणी कानाला फार खरी वाटते. आणि लावून स्वतः तिथून निघून जा, तुमचा श्वास आणि बुटाखालचा पाला दोन्ही माईकला ऐकू येतात.

जोडणीबद्दल थोडक्यात. एकटेच बोलणार असाल, पुढे काही वाढवायचं नसेल तर यूएसबी माईक पुरतो, त्यात कमीपणा नाही. दुसरा माणूस येणार असेल, बाहेर जाणार असाल, तर एक्सएलआर घ्या, तीन पिनांची केबल बाहेरची गुणगुण स्वतःच वजा करते त्यामुळे लांब ओढली तरी चालते. ३२-बिट फ्लोटचे नवे रेकॉर्डर लेव्हल चुकली तरी फाईल वाचवतात, पण माईकच फुटला, वारा लागला किंवा माईक लांब राहिला तर ते काही करू शकत नाहीत.

आणि दोन माईकमधून एक निवडताना हे कराच. दोन्ही एकाच वेळी शेजारी शेजारी लावा, तेच वाक्य बोला, मग दोन्हींची पातळी अगदी सारखी करून ऐका, कारण जो दीड डेसिबलने मोठा असतो तो कानाला नेहमी चांगलाच वाटतो. मग तेच वाक्य चार बोटांवरून, एका वीतीवरून, दोन वीतींवरून आणि हातभर लांबून म्हणा, आणि हे सगळं तुम्ही जिथे रेकॉर्ड करणार त्याच जागी. ज्या अंतरावर तुम्ही रोज खरंच बसणार आहात तो तुकडा वेगळा काढा, दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानाने, कुठला माईक कुठला ते न बघता ऐका.